तबकडी आधी, यंत्र मागाहून

व्हिडिओ प्लेअर घेताना आपण किंमत पाहतो, कंपनीचे नाव पाहतो. घरातल्या तबकड्या त्यावर चालतील काय, हे मात्र विचारीत नाही. सांगली-साताऱ्याकडील कितीतरी कपाटांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी आजही आहेत. १९९३ साली ठरलेल्या या प्रकारात एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटेच मावत. म्हणून एक नाटक दोन-तीन तबकड्यांत येई. डीव्हीडी प्लेअरवर त्या बहुधा चालतात, ब्लू-रेवर चालतीलच असे नाही. शिवाय डीव्हीडीला विभागाचा क्रमांक असू शकतो: भारताचा ५, अमेरिकेचा १. तिकडच्या आतेभावाने हौसेने पाठविलेली तबकडी येथे मुकी राहते, ती यामुळे.

विष्णुदास भावे यांचा १८४३ सालचा सांगलीतील ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग आता पाहणे नाही, त्याला इलाज नाही. पण घरात असलेले नाटक यंत्रापायी दिसू नये, हा शुद्ध आळस होय. विक्रेत्याचे ‘सगळे चालते’ मी तरी प्रमाण मानीत नाही. आपल्याच तबकड्या दुकानात न्याव्यात. लग्नाची तबकडी बहुधा संगणकावर लिहिलेली, नाटकाची कारखान्यात छापलेली. तेव्हा दोन्ही लावून पाहाव्यात, दुकानदार कंटाळला तरी.