आधी वाट व्हयी, गाणी नंतर!

जीप घेतली की पहिला फोन कुणाला जातो? आई-बाबांना? छे! तो जातो स्टिरिओवाल्याला. थार असो, जिम्नी असो, नाहीतर मामाने प्रेमाने दिलेली जुनी जिप्सी. गाडी दारात लागली रे लागली की ग्रुपमधला एक्स्पर्ट सुरू होतोच. 'नऊ इंची स्क्रीन घे, मागे सबवूफर टाक, सॉल्लिड वाजेल बघ!' मग इंच, वॅट आणि रॅमच्या गप्पांत अख्खी शनिवार दुपार संपते.

दोस्तहो, स्क्रीन मोठी असावी यात वादच नाही. पण ही गाडी खरोखर मालवणच्या लाल मातीत जाणार असेल, तर खरेदीचा फंडा थोडा उलटा करावा लागतो. तो मला समजला आमच्या दादामुळे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मालवण तालुक्यात आतल्या एका वाडीत घर, पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि अंगणात सॉफ्ट टॉपवाली जुनी थार. या माणसाला इथली प्रत्येक पाणंद तोंडपाठ. नेव्हिगेशन त्याला कशाला हवं? पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्याचं अंधारातलं ड्रायव्हिंग बंद झालंय. आता स्टिअरिंग आहे भाच्याच्या हातात. भाचा वाढला डोंबिवलीत, सध्या मुक्काम कोकणात, लॅपटॉपवर ऑफिस. आणि काकीचं डायलिसिस आहे आठवड्यातून दोनदा. पहाटे काळोखात निघायचं आणि वेळेत ओरोसला पोचायचं. पावसात वाट चुकली, तर फक्त उशीर होत नाही. काकीचा नंबर जातो.

मुंबईहून निघण्याआधी मी फोनवर विचारलं, 'दादा, साउंड कसा हवाय?' पलीकडून उत्तर आलं, 'गो बाये, गाणी नंतर. माका आधी वाट व्हयी.'

बास! बजेट तीस हजार आणि ब्रीफ एका ओळीचं. आता शॉपिंगला सुरुवात.

रेंज कुणाला लागते?

आधी एक गैरसमज दूर करू. 'तिकडे रेंज नाही, मग जीपीएस कसं चालणार?' हा प्रश्न मला शिकल्यासवरल्या लोकांनी विचारलाय. बॉस, जीपीएसला मोबाइलची रेंज लागतच नाही! साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सिग्नल पाठवतात, आपला रिसीव्हर तो फक्त ऐकतो. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की तुम्ही कुठे आहात ते कळतं. एके काळी अमेरिका सर्वसामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि गाडीतलं नेव्हिगेशन खऱ्या अर्थाने कामाचं झालं.

रेंज लागते ती नकाशाला. इंटरनेट गेलं की निळा ठिपका जागेवर असतो, पण त्याच्याखाली कोरी पाटी. म्हणजे दुकानात पहिला प्रश्न 'किती इंची?' हा नाही. पहिला प्रश्न, 'नेट नसताना नकाशा दिसेल का?'

आणि दिसला, तरी त्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा का? जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्रीच्या अंधारात, नेव्हिगेशनने दाखवलेल्या पुलावर गेली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. चालकाचा बुडून मृत्यू झाला. पुलावर पाणी आहे हे गावाला माहीत होतं, नकाशाला नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात व्हाळावरचा प्रत्येक कॉजवे असाच असतो, सकाळी रस्ता आणि संध्याकाळी नदी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवडायचं काय?

*साइझ.* डॅशबोर्डवरची खाच मोजा. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे त्याच्या दुप्पट उंची, १८० बाय १००. नऊ-दहा इंची स्क्रीनला त्या मॉडेलसाठीची फ्रेम लागते. फ्रेम नीट बसली नाही, तर जांभ्याच्या रस्त्यावर पहिल्याच किलोमीटरला खडखडाट सुरू. आम्ही सात इंचीवर थांबलो. दिसायला कमी कूल, पण घट्ट बसते.

*ऊन.* शोरूमच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन झकास दिसतात. उघड्या जीपमध्ये दुपारी बारा वाजता त्याच स्क्रीनमध्ये नकाशाऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो. दुकानदाराला सांगा, डेमो पीस बाहेर उन्हात चालू करून दाखवा. तो कुरकुर करेल. करू दे.

*ओले हात.* फोनसारखी कपॅसिटिव्ह स्क्रीन मस्त चालते, पण तिच्यावर पाण्याचे थेंब पडले की तिच्या अंगात येतं. म्हणून आवाजासाठी खरंखुरं फिरवायचं बटण हवंच. खड्ड्यातून जाताना काचेवरचं छोटं चिन्ह शोधत बसायचं नसतं.

*पाणी.* बाजारातले बहुतेक स्टिरिओ बंद गाडीसाठी बनवलेले असतात, पावसासाठी नाही. कायम टप उघडा ठेवून फिरणार असाल, तर बोटींसाठी मिळतो तसा मरीन स्टिरिओ आणि नकाशासाठी फोनचा दणकट होल्डर, ही जोडी जास्त शहाणी. २०२० नंतरची थार असेल आणि तिच्यात कंपनीची सात इंची टचस्क्रीन असेल, तर ती भुरभुर पाऊस सोसेल अशी बनवलेली आहे. ती उपटून मोठी लावायचा मोह टाळा. थार रॉक्स आणि जिम्नीवाल्यांनो, तुमच्याकडेही कंपनीची स्क्रीन आहेच. तुमचे पैसे वाचले, तेवढ्यात सुरमईची थाळी खा!

*अँड्रॉइड स्टिरिओ की ऑटो-कारप्ले?* अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डवरचा टॅबलेट. नकाशा त्याच्यातच डाउनलोड होतो, हा मोठा प्लस. पण रॅम कमी असेल तर ऐन नाक्यावर तो विचार करत बसतो. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमध्ये डोकं फोनचं आणि काच गाडीची. फोन बदलला की नेव्हिगेशनही आपोआप नवं. आम्ही हे दुसरं घेतलं, तेही वायरने जोडायचं. वायरलेसमध्ये फोन जास्त तापतो आणि मे महिन्यात कोकणात तापायला तो एकटाच नसतो.

*वॅट.* खोक्यावरचं '४ बाय ५० वॅट' म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. सतत मिळणारी, म्हणजे आरएमएस, साधारण वीस-बावीस वॅट. तोच आकडा विचारा. आणि स्पीकर कागदी कोनचे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. आमच्याकडच्या दमट हवेत कागदाचा पापड होतो. सबवूफर? दादाने तो शब्द ऐकून घेतला आणि चहा प्यायला गेला.

फिटिंग : इथेच खरी गंमत

आपण पंचवीस हजारांची वस्तू घेतो आणि फिटिंगमध्ये दोनशे रुपये वाचवतो. एका फिटरकडे मी वायर दातांनी सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळताना पाहिलीय. शहरात असं काम दोन-तीन वर्षं निघून जातं. मालवणात उन्हाने टेपचा गोंद वितळतो, खारी हवा आत शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि एका पावसाळी पहाटे स्क्रीन काळी. म्हणून फिटिंगच्या वेळी गाडीपाशी उभं राहायचं. मी चार तास उभी होते.

तुमच्यासाठी चेकलिस्ट :

* गाडीची मूळ वायर कापू द्यायची नाही. त्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो लावायचा. नव्या गाडीत वॉरंटीचा प्रश्नही येत नाही.
* स्टिरिओच्या वायरींत सहसा पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीवरची आणि काळी अर्थची. तरीही फिटरने मल्टिमीटर लावून खात्री करायलाच हवी. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत, देव जाणे.
* पिवळ्या वायरीला फ्यूज हवाच. जोड क्रिम्प केलेले आणि वर गरम करून बसणारी नळी.
* अर्थ रंगावर नको, खरवडलेल्या स्वच्छ लोखंडावर. मग त्यावर ग्रीस, नाहीतर गंज आलाच.
* स्टिरिओचा स्वतःचा जीपीएस अँटेना असेल, तर तो डॅशबोर्डवर काचेजवळ, आभाळ दिसेल असा. पत्र्याखाली किंवा स्टिरिओच्या पाठीवर चिकटवला की उपग्रह ऐकू येत नाहीत.
* हँडब्रेकची वायर 'बायपास' करून चालत्या गाडीत व्हिडिओ? नाही म्हणजे नाही.
* चावी काढल्यावर करंट मोजून घ्या. सगळी गाडी मिळून साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. काही अँड्रॉइड स्टिरिओ झोपेतही बॅटरी पितात. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की धक्का मारायची वेळ येते.
* पॅनल बंद करण्याआधी सगळं चालवून बघा. हेडलाइट, हॉर्न, वायपर, चारही स्पीकर. पॅनल बंद झाल्यावर फिटरचा मूडही बंद होतो.

नकाशा भरायचा कसा?

स्टिरिओ लागला म्हणजे काम संपलं, असं दुकानदाराला वाटतं. आमचं काम तिथून सुरू झालं.

भाच्याच्या फोनवर गुगल मॅप्समध्ये अख्खा जिल्हा ऑफलाइन डाउनलोड केला. त्या नकाशाला मुदत असते, तेव्हा मधूनमधून वायफायवर अपडेट करायचा. शिवाय घरातल्या एका जुन्या फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स टाकलं. फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतं आणि सिमकार्ड नसतानाही चालतं. तो फोन चार्ज करून ग्लोव्ह बॉक्समध्ये. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, म्हणून निघायच्या आधी अंगणातच चालू करायचा.

मग आला खरा प्रॉब्लेम : पत्ता. आमच्याकडे गाव म्हणजे वाड्या आणि वाड्यांची नावं गावोगाव तीच. देऊळवाडी टाइप करा, भलत्याच गावची उगवेल. आणि सरळ रेषेवर तर मुळीच जाऊ नका. देवबागच्या टोकावरून भोगवे समोर दिसतं, हात केला तर कुणी हात करेल इतकं! पण मध्ये कर्ली नदीचं मुख आहे आणि रस्त्याने केवढा तरी फेरा. म्हणून नाव टाइप करायचं नाही, जागेवर जाऊन पॉइंट सेव्ह करायचा. पाहुण्यांना पाठवायला डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन बरा आहे. सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटीला दहा अक्षरांचा कोड, अगदी अंगणातल्या तुळशीपर्यंत नेणारा.

हे पॉइंट भरायचं काम दादाने स्वतःकडे घेतलं. लागोपाठ तीन रविवार, भर दिवसा, भाचा स्टिअरिंगवर आणि दादा बाजूला. दादा म्हणेल तिथे गाडी थांबायची, पॉइंट सेव्ह व्हायचा आणि नावही दादाच सांगेल तेच. आज त्या यादीत अडतीस पॉइंट आहेत. पेट्रोल पंप आहे, टायरवाला आहे, ओरोसच्या दवाखान्याचं मागचं गेट आहे. 'हयसर रेंज गावता' नावाचे तीन आहेत, तिथे थांबून फोन करता येतो. आणि दोन कॉजवेंवर एकच नाव आहे, 'व्हाळ भरलो तर थांब'. कुठल्याही कंपनीच्या नकाशात ही माहिती नाही. कोतूळला त्या रात्री हीच हवी होती.

पावसाळ्यात भाचा निघण्याआधी एक फोनही करतो, कॉजवेच्या अलीकडच्या घरात. तिथली काकू दारातून पाणी बघून सांगते. मग ठरतं, जवळची वाट की लांबची. लांबच्या वाटेला पंचवीस मिनिटं जास्त लागतात, म्हणून पावसाचे चार महिने अलार्म तेवढा आधीचा लावलेला असतो. काकीचा नंबर या पावसाळ्यात एकदाही चुकलेला नाही.

तेव्हा येत्या वीकेण्डला कोकणात निघणार असाल, तर शुक्रवारी ऑफिसच्या वायफायवर जिल्ह्याचा नकाशा उतरवून घ्या (बॉसला सांगू नका). शेवटच्या फाट्यावर स्क्रीन गोंधळली की काच खाली करा आणि विचारा. पण पत्ता सांगू नका, कुणाकडे जायचंय ते नाव सांगा. समोरचा 'कोणाकडे?' हेच विचारणार आहे. आणि किनाऱ्यावर गाडी घालायचं तर मनातही आणू नका. ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती तुमच्या मेकॅनिकची वाट बघत नाही.

बाकी, गाण्यांचंही जमलंय. काकी जाताना डोळे मिटून पडते, तेव्हा स्टिरिओ बंद. येताना दशावताराचं रेकॉर्डिंग, फुल व्हॉल्यूम. फर्माइश तिचीच असते.