जमंना म्हणणाऱ्यांची शिकवणी

२०२५च्या दहावीच्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवची. (खेळाचे, कलेचे वाढीव गुण धरून. तरी ११३ म्हणजे ११३.) चौकाचौकांत फ्लेक्स लागले. त्याच निकालात उत्तीर्णांच्या टक्केवारीत हाच विभाग नवांत आठवा होता, ९२.७७ टक्के. याचा फ्लेक्स कोण लावणार?

माझा संबंध या दुसऱ्या आकड्याशी. आधी लातूरला आणि आता नांदेडला मी घरीच गणिताची शिकवणी घेतो. मोठ्या क्लासच्या वेगात जी पोरं मागे पडली, ती माझ्या सतरंजीवर येऊन बसतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर, जमंना."

लातूर पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत मला. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी सराव, चाचणी आणि तपासलेल्या पेपरातली चूक दाखवणं हे शिस्तीनं केलं, म्हणून इथली पोरं पुण्या-मुंबईच्या बरोबरीला आली. पण ती रीत बारावीच्या तयारीची होती. आता ती आठवी-नववीच्या फाउंडेशन बॅचपर्यंत उतरली आहे. ज्याचा पाया चौथीतच खचला, त्याची रोज चाचणी घेतली तर त्याला नापास होण्याचाच सराव होतो.

नववीतला मुलगा म्हणतो, अवयव पडत नाहीत. गुणाकार उणे २४ आणि बेरीज उणे ५ येईल अशा दोन संख्या हव्यात. तो वहीकडे बघत राहतो. आपण "अरे, उणे ८ आणि ३, किती सोपं!" म्हटलं की संपलं. "सोपं" हा शब्द मी शिकवणीत वापरत नाही. सोपं असूनही येत नाही म्हणजे आपण ढ, असा हिशेब पोरगं लगेच मांडतं, आणि तो हिशेब मात्र कधी चुकत नाही. त्यापेक्षा २४चे सगळे जोड लिहायला सांगावेत. १२ आणि २पाशी तो अडखळला तर दुखणं पाढ्यात आहे; जोड लिहून चिन्हापाशी थांबला तर ऋण संख्यांत. अवयव दोन्ही वेळा निर्दोष.

चुकीचं उत्तर मी खोडू देत नाही. "हे कसं केलंस?" एवढंच विचारतो. सातवीतल्या एका मुलीनं एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच लिहिलं होतं. कसं? तर म्हणाली, "पहिल्या चाचणीत दोनपैकी एक, दुसरीत तीनपैकी एक, मिळून पाचपैकी दोन." यात खोटं काय आहे? गुणांची बेरीज आपण अशीच तर करतो! वर्षभर चाचण्या दिलेल्या पोरीनं अपूर्णांकही तसेच मिळवले. मग अर्ध्या भाकरीवर आणखी तुकडा ठेवला तर भाकर अर्धीहून कमी कशी झाली, हे तिचं तिलाच खटकू दिलं. त्याला दोन दिवस लागले. फळ्यावर छेद समान करून दाखवायला दोन मिनिटं पुरली असती, आणि पुढच्या चाचणीत पुन्हा दोन छेद पाच आलं असतं.

खरी अडचण वयाची. ५२मधून ३८ वजा करून २६ लिहिणारी मुलं नववीत भेटतात. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. हातच्याची वजाबाकी पुन्हा करू म्हटलं की मिशी फुटलेलं पोरगं मान खाली घालतं. तिथं मी देवळालीच्या द. रा. कापरेकरांना बोलावतो. हा माणूस शाळामास्तर होता, १९६२ साली निवृत्त झाला, आणि त्याच्या नावाचा स्थिरांक जगभर शिकवतात. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि तिथंच अडकतं.

मराठवाडा मुक्त झाल्याचं साल घेऊ, १९४८. ९८४१ वजा १४८९, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्यांत काम फत्ते. आता एकच वर्ष पुढे, १९४९. हा पठ्ठ्या पुरत्या सात पायऱ्या घेतो. मधे कुठं हातचा चुकला तर गाडी भलत्या वाटेला लागते आणि पायऱ्या वाढू शकतात, म्हणून पोरं आपणहून ताळा करतात. मग घरातल्या सगळ्यांची जन्मसालं, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे. चौथीची वजाबाकी चाललीय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात २०२४ साली एक गोष्ट चर्चेत आली. दहावीच्या गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यायचं, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. नापासाचा शिक्का टळतो, हे खरं. पण पंधराव्या वर्षी दार लावायचं, तेही बहुधा दहाव्या वर्षी राहून गेलेल्या हातच्यापायी, हे मला पटत नाही.

पालकांचं म्हणणं वेगळंच असतं. मुलीसाठी गाव सोडून खोली करून राहिलेली एक आई परवा विचारत होती, "सर, बाकीच्यांचा कोर्स संपत आला, आमचा कधी?" म्हटलं, ताई, दिवाळीपर्यंत अपूर्णांकच चालतील. भूमिती त्यानंतर. त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण पुढच्या महिन्याची फी देऊन गेल्या.