विश्लेषण : दहा मिनिटांत माल दारात, पण वाण्याच्या दुकानाचं काय? उपनगरांतली पुरवठ्याची साखळी कशी बदलतेय?

बोरिवली असो वा मुलुंड, रात्री साडेदहाला दूध संपल्याचं लक्षात आलं, की आता अनेक घरांत चपला घालण्याआधी मोबाइल उघडला जातो. काही मिनिटांत पिशवी दारात येते. चर्चा होते ती या वेगाची. खरा बदल मात्र पडद्यामागे झाला आहे. माल कोण खरेदी करतो, कोणत्या भावाने करतो आणि तो कुठे साठवला जातो, हे सगळंच बदलत आहे.

जुनी साखळी कशी चालते?

साबण, टूथपेस्ट, बिस्किटं असा माल कंपनीकडून वितरकाकडे आणि वितरकाकडून किराणा दुकानात येतो. वितरकाचा सेल्समन ठरलेल्या वारी येऊन ऑर्डर घेतो आणि माल मागाहून टेम्पोने येतो. वितरकाला साधारण ३ ते ५ टक्के सुटतात. भाजी, फळं, धान्य मुख्यतः वाशीच्या बाजार समितीतून येतं.

ही साखळी संथ आहे, पण ती विश्वासावर आणि उधारीवर चालते. वितरक दुकानदाराला पैशांसाठी मुदत देतो, म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाला महिन्याच्या वहीवर माल देऊ शकतो.

डार्क स्टोअर म्हणजे काय?

गिऱ्हाइकांना प्रवेश नसलेलं छोटं गोदाम म्हणजे डार्क स्टोअर. साधारण दोन-तीन किलोमीटरच्या परिघातल्या ऑर्डर तिथून जातात. कोणत्या भागात, कोणत्या वारी, किती वाजता काय खपतं याचा हिशेब सॉफ्टवेअर ठेवतं. त्यावरून उद्याच्या मागणीचा अंदाज बांधला जातो आणि शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून माल भरला जातो. वस्तू कोणत्या फळीवर आहे, हेही कामगाराला स्क्रीनवर दिसतं. आदित पालिचा आणि कैवल्य व्होरा यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘झेप्टो’ची सुरुवात मुंबईतूनच झाली.

उपनगरांचा भूगोलही या पद्धतीला अनुकूल आहे. रेल्वेमार्गाने पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडले आहेत आणि ते जोडणारे पूल मोजके. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा आणि मे २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अशा काळात एकाच मोठ्या दुकानातून दोन्हीकडे माल पोहोचवणं म्हणजे वळसे आणि वाहतूक कोंडी. दोन्ही बाजूंना छोटी गोदामं असली, की प्रत्येक ऑर्डरला रूळ ओलांडावे लागत नाहीत.

मग भांडण कशावरून?

भावावरून. मोठा ऑनलाइन खरेदीदार कंपनीकडून थेट माल उचलतो आणि त्याला जास्त सूट मिळते, असा वितरकांचा आक्षेप आहे. ही ठिणगी महाराष्ट्रातच पडली होती. जानेवारी २०२२ मध्ये वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने राज्यात कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबवला. जिओमार्ट, उडान यांसारख्यांना मिळणारा भाव आम्हालाही द्या, ही त्यांची मागणी होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच संघटनेने क्विक कॉमर्स कंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. खर्चापेक्षा कमी भावात माल विकून स्पर्धकांना संपवलं जात आहे, असा आरोप होता. वर्षभरात सुमारे २ लाख किराणा दुकानं बंद पडल्याचा दावाही संघटनेने केला. हा आकडा संघटनेचा आहे, सरकारी नव्हे.

मालकीचा मुद्दा यात का येतो?

परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार परदेशी मालकीच्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःचा साठा ठेवून थेट ग्राहकांना विकता येत नाही. तिने विक्रेता आणि ग्राहक यांच्यात बाजारपेठ म्हणून काम करायचं असतं. ‘ब्लिंकिट’ची मालक कंपनी ‘इटर्नल’ने २०२५ मध्ये परदेशी मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. त्यामुळे ब्लिंकिटला माल स्वतः खरेदी करून विकण्याची वाट मोकळी झाली. मधला विक्रेता गेला, की खरेदीतली घासाघीस थेट कंपनीशी होते आणि नफ्याचा जास्त वाटा हाती राहतो.

ही नवी साखळी किती भक्कम आहे?

साठा संपत आला की सॉफ्टवेअरला कळतं. शीतपेटीचं तापमान बिघडलं किंवा फरशीवर पाणी साचलं, तर तिथे माणसानेच लक्ष द्यावं लागतं. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने झेप्टोच्या धारावीतल्या केंद्राचा परवाना निलंबित केला. काही पदार्थांवर बुरशी, साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल आणि मुदत संपलेला माल वेगळा न काढणं, अशा त्रुटी तपासणीत आढळल्या होत्या.

वेगाचा भार रस्त्यावरच्या डिलिव्हरी कामगारांवरही पडतो. ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातल्या अनेक कामगारांनी संप केला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर ब्लिंकिटने जाहिरातींतला ‘१० मिनिटं’ हा दावा काढला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठीच्या निधीत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम भरण्याची तरतूद आहे.

किराणा दुकानाला वाट उरली आहे का?

आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या ‘शिखर’सारख्या अॅपवरून दुकानदार सेल्समनची वाट न पाहता ऑर्डर देऊ शकतो. तंत्रज्ञान त्याच्याही हाती आलं आहे, पण गुंतवणूकदारांच्या पैशावर मिळणारी सूट त्याला परवडत नाही.

प्रश्न केवळ दुकानदाराच्या पोटाचाही नाही. मे २०२० मध्ये करोनामुळे वाशीची बाजार समिती आठवडाभर बंद ठेवावी लागली. माल येण्याची मुख्य वाट अशी बंद होते, तेव्हा लहानसहान पर्यायी वाटांवरच शहराची भिस्त असते. स्वस्त आणि वेगवान वाट ग्राहक निवडणारच, त्यात गैर काही नाही. पण बाकीच्या वाटा बुजल्या, तर पुढच्या संकटात भाव कोण ठरवणार आणि वहीवर माल कोण देणार, याचं उत्तर कोणत्याही अॅपवर मिळणार नाही. स्पर्धा आयोग आणि सरकारच्या निर्णयांकडे ग्राहकांनीही लक्ष ठेवायचं ते यासाठीच.