थीमवर पहारा कोणाचा?

आमच्या हाउसच्या वेबसाइटवर स्पोर्ट्‌स डेचे फोटो आले तेव्हा अनेकांच्या घरून फोन आले. माझ्या आईचाही आला. तरीही माझे मत असे आहे की ती साइट काही दिवस बंद ठेवावी.

साइट बनवणारे सीनिअर कधीच पास आउट झाले. त्यांनी एक फुकटची जुनी थीम लावली होती. थीम म्हणजे साइटचा तयार युनिफॉर्म. रंग, मांडणी, फोटोंची जागा सगळे त्यात येते. पण हा युनिफॉर्म नुसते कापड नसतो, त्यात चालणारे प्रोग्राम असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी थीमचा फोल्डर उघडला, तर आत टिमथंब नावाची फाईल, तीही २०११ च्या आधीची.

फोटो लहान करणारी ही फाईल त्या काळी कितीतरी थीममध्ये असे. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर यांची स्वतःचीच साइट हिच्यामुळे फुटली आणि त्यांनी चूक शोधून काढली. टिमथंब बाहेरून फोटो आणायची, पण फ्लिकर, ब्लॉगर अशा ठराविक साइटवरूनच. तपासणी मात्र एवढीच, की ते नाव पत्त्यात कुठेतरी आहे का. म्हणजे ब्लॉगर डॉट कॉमच्या पुढे आपल्या साइटचे नाव जोडले तरी प्रवेश मिळे! मेन गेटवर कोणी 'मी कर्नलसाहेबांच्या गावचा' म्हणावे आणि 'कर्नल' ऐकताच संतरीने सलाम ठोकून गेट उघडावे, तसे. आत आलेला 'फोटो' प्रत्यक्षात प्रोग्राम असे आणि तो बाहेरून चालवता येई.

दुसरा प्रकार आतल्या फाईलींचा. कोणती फाईल दाखवायची हे प्रोग्राम पत्त्यातूनच विचारत असेल, तर तिथे दोन टिंबे आणि तिरपी रेघ लिहून एकेक फोल्डर वर चढता येते. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनमधून अशीच वर्डप्रेसची कॉन्फिग फाईल बाहेर काढता येत होती. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो. दुरुस्ती निघाली होती, पण हा स्लायडर विकतच्या थीममध्ये आतूनच शिवलेला. आपल्याकडे तो आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

मित्र म्हणतात, आपल्या साइटवर कसली आली आहेत गुपिते? पेरेंट्स डेची नोंदणी आपण तिथेच घेतली होती. तुमच्या आईवडिलांचे फोन नंबर त्या डेटाबेसमध्ये आहेत.

'चालतंय ना, मग हात लावू नकोस,' असा सल्लाही मिळाला. तो अगदीच चूक नाही. सरांच्या परवानगीने मी टिमथंब काढली आणि पहिल्या पानावरचे छोटे फोटो दिसेनासे झाले. पालकांनी त्याचा राग माझ्यावर काढावा.

पण एनसीसीच्या रायफली परेडनंतर मोजूनच कोतमध्ये जातात. थीममधल्या फाईली कोणी मोजत नाही. थीम कोणती, कुठून आणली, आत काय आहे, शेवटचे कधी तपासले, याचे एक रजिस्टर हवे आणि सीनिअर पास आउट होताना त्याचा चार्ज ज्युनिअरने घ्यायला हवा. तोवर निदान नोंदणीचा डेटा तरी तिथून हलवावा.

रजिस्टर मी आणले आहे. फेब्रुवारीत माझी बोर्डाची परीक्षा आहे. नववीतल्या कोणाला शिकायचे असेल त्याने रविवारी नाश्त्यानंतर कॉम्प्युटर लॅबमध्ये यावे. अजून अर्धा फोल्डर उघडायचा आहे.