शब्दविचार : यंत्र

यंत्र म्हटलें कीं हल्लीं पिठाची गिरणी अथवा पोकलेन डोळ्यांपुढें येतें. देवघरांतील तांब्याच्या पत्र्यावरील रेखाकृतीसही आपण यंत्रच म्हणतों. परंतु सुश्रुतसंहितेंत ह्या शब्दास फार नेमका अर्थ आहे. मनास व शरीरास पीडा देणारें तें शल्य, आणि तें बाहेर काढण्याचें साधन तें यंत्र. कापावयाचीं शस्त्रें 20 सांगितलीं आहेत. यंत्रें मात्र 101. त्यांतील 'संदंश' म्हणजे चिमटा. स्वयंपाकघरांतील सांडशी हा शब्द त्याच कुळांतला. मूळ धातु 'यम्', म्हणजे आवरून धरणें. आधीं धरावें, मग काढावें, असा हा क्रम आहे.

सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र हात, असेंही सुश्रुत सांगतो. जुलै 2021 मध्यें पोलादपुरावरून येणाऱ्या सावित्रीनें महाड शहर बुडविलें, तेव्हां ह्याचा प्रत्यय आला. नदीच्या पात्रांतील गाळास मोठीं यंत्रें हवींत. माजघरांतील व कोठीतील चिखल हातांनींच काढावा लागतो.

मनांतील शल्याचें काय? त्याच महाडांत 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. नगरपालिकेनें तें तळें 1924 सालींच सर्वांस खुलें केलें होतें. तरीही सनातनी मंडळींनीं 108 घागरी पाणी बाहेर काढलें, आणि दूध, दहीं, शेण व गोमूत्र यांनीं भरलेल्या घागरी आंत बुडवून मंत्रघोषांत तळें 'शुद्ध' केलें. ते मंत्र म्हणणारे आपलेच ज्ञातिबांधव होते, हें वाचकांनीं विसरूं नये असें आम्हांस वाटतें. शल्य पाण्यांत नव्हतेंच. तें काठावरच्यांच्या मनांत होतें. जेथें कांटा रुतला नाहीं तेथें चिमटा लावून काय निघणार?

पुढें कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 17 मार्च 1937 रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. यंत्रापासूनच 'यंत्रणा' शब्द झाला. मराठींत त्याचा अर्थ कारभाराची व्यवस्था. संस्कृतांत बंधन व क्लेश. त्या दहा वर्षांत दोन्ही अर्थ अनुभवास आले असले पाहिजेत.

कायद्याच्या यंत्रणेनें तळ्यावरची बंदी निघाली. मनांतील शल्य ज्याचें त्यानेंच काढावयाचें असतें, आणि तेथेंही आधीं धरावें, मग काढावें हाच क्रम आहे. तें आपल्या ठायीं आहे असें मान्य करणें, हेंच त्यास धरणें होय.