गाडी उभी, गारवा बंद

मे महिन्यातली सकाळ. निफाडकडून कांदा घेऊन आलेली गाडी जयपूरच्या मुहाना मंडीत उजाडायच्या सुमारास रिकामी होते. परतीचा माल विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातून भरायचा, तोही संध्याकाळनंतर, कारण दिवसा शहरात जड वाहनांना मज्जाव. मधले दहा-बारा तास हेच चालकाचे झोपेचे तास. तो झोपतो कुठे? गाडीतच, आणि तेही डोक्यावर ४५ अंशांचे ऊन घेऊन.

स्लीपर केबिनच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटते. शहरातल्या माणसाला वाटते, ड्रायव्हर दिवसा गाडी चालवतो आणि रात्री गार वाऱ्यात झोपतो. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीत बहुतेक वेळा उलटे असते. रात्रभर चाके फिरतात आणि पाठ टेकायची वेळ येते ती भर दुपारी.

राजस्थानात सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरच्या पहिल्या नऊ दिवसांना 'नौतपा' म्हणतात. त्याच राज्यातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात. पत्र्याच्या टपाखाली, मोठ्या काचेमागे आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या धगीवर बांधलेल्या फळीवरचे तापमान कोणतीही वेधशाळा मोजत नाही.

आमचे चालक बांधव यावर आपापल्या परीने उपाय करतात. ओले गोणपाट टपावर टाकतात, खिडकीला ओला गमछा बांधतात, काचेवर पुठ्ठा लावतात, बॅटरीवरचा छोटा पंखा फिरवतात. जयपूरला गोणपाटाचा उपयोग होतो, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडते. आपल्याकडे वाळ्याच्या पडद्यामागे हेच तत्त्व आहे. पण तीच गाडी वापी-भिवंडीच्या दमट हवेत आली की गोणपाट नुसते चिकचिक करते. पंख्याचेही तसेच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीचा भाताच. टपाला पांढरा रंग आणि आतून जाड अस्तर हा खर्च फार नाही आणि गुण येतो. पण गाडी मालकाची, रंगही मालकाचा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा सक्तीची झाली. या निर्णयाचे आम्ही स्वागत केले आणि आजही करतो. खर्च वाढेल म्हणून काहींनी विरोध केला होता, हे खुद्द मंत्रिमहोदय नितीन गडकरी यांनी जून २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. गार हवेत ड्रायव्हरला डुलकी लागते, असाही एक युक्तिवाद मालकांकडून ऐकू येतो. डुलकी लागते ती आदल्या दुपारी झोप न झाल्यामुळे, ही साधी गोष्ट त्यांना कोणी सांगायची?

पण या नियमाने आमचा अर्धाच प्रश्न सुटतो. नेहमीच्या गाडीतली ही यंत्रणा इंजिनावर चालते. इंजिन बंद, की गारवा बंद. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल सहज जळते. आठ तासांच्या झोपेचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. ट्रिपचे डिझेल मालकाने आधीच बांधून दिलेले असते. जास्त गेले तर ते चालकाच्या हिशेबातून कापले जाते. म्हणजे सरकारने दिलेली थंड हवा चालकाने स्वतःच्या पगारातून विकत घ्यायची! मग तो ती बंद ठेवतो, यात नवल काय? शिवाय चालू इंजिनावर काचा लावून झोपण्यात धोका आहे. एक्झॉस्टची गळती असली तर विषारी वायू केबिनमध्ये शिरतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पैसे वाचवायचे असोत वा नसोत, हे कोणीही करू नये.

यावर उपाय आहे. इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारे पार्किंग कूलर आणि एसी आज बाजारात मिळतात. त्यांना दमदार बॅटरी लागते आणि सकाळी गाडी सुरू होण्याइतकी वीज शिल्लक ठेवणारा कट-ऑफ लागतो. ते स्वस्त नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण ते कोणी बसवायचे हे नियमात लिहिलेले नाही, आणि जुन्या लाखो गाड्यांना तर नियमच लागू नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात विश्रांतिगृहाचे कलम होते. खोली हवेशीर, उजेडाची व स्वच्छ असावी असे त्यात म्हटले होते. मात्र ते रात्रीच्या मुक्कामापुरते होते आणि कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. दोन-तीन गाड्यांचे मालक सरळ बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विलीन झाला. दिवसा झोपणाऱ्या माणसाची दखल जुन्या कायद्याने घेतली नव्हती. नव्या नियमांत ती यावी, असा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल. युरोपात आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती गाडीत घेण्यास मनाई आहे; चालकाला धड निवारा द्यावाच लागतो.

सरकारी तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाची शयनगृहे उघडली आहेत. कल्पना चांगली आहे. पण भरलेली गाडी सोडून जायचे कसे? डिझेल, बॅटरी, ताडपत्री यांवर डोळा ठेवणारे महामार्गावर कमी नाहीत, आणि क्लीनर तर आता अनेक गाड्यांवर उरलेलाच नाही. पहारा असलेले, सावलीचे वाहनतळ जोवर शेजारी नाही, तोवर चालक गाडीतच झोपणार.

म्हणून आमचे म्हणणे असे. वाहतूक कंपन्यांशी पुढचे करार होतील तेव्हा विश्रांतीचे डिझेल हा स्वतंत्र मुद्दा घालावा, किंवा पार्किंग एसीचा खर्च मालकाने उचलावा. माल देणाऱ्या कारखान्यांनी आवाराबाहेर गाड्या तासन्‌तास उन्हात ताटकळत ठेवू नयेत. शेड, पाणी आणि संडास ही जबाबदारी त्यांचीही आहे. ट्रान्सपोर्ट नगर उभारताना नगरपालिका गाळ्यांचे भाडे वसूल करते, तिथे झाडे लावायला कोणाची परवानगी लागते?

शाखांच्या पदाधिकाऱ्यांनी आपापल्या मार्गावरील थांब्यांची यादी पुढच्या उन्हाळ्यापूर्वी कार्यालयाकडे पाठवावी: सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, पहारा कुठे आहे, आणि गाडी दुपारी सरासरी किती तास उभी राहते. मुंबई-जयपूर मार्गावरील बांधवांनी प्रथम लिहावे.