होकायंत्र बिघडलं की डोंगर?

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात अकोले तालुक्यातल्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. नाव छापू नका असं तिनं बजावलंय. का, ते आता कळेलच.

तिच्या वर्गाची सहल कळसूबाईला गेली होती. शाळेचं होकायंत्र सांभाळायला हिच्याकडे दिलेलं. पायथ्याला, बारी गावात, काटा अगदी शहाण्यासारखा उत्तरेकडे तोंड करून उभा होता. पण वर चढताना लोखंडी शिड्या लागतात ना, तिथं हिनं होकायंत्र गजाजवळ धरलं आणि काटा भलतीकडेच वळला! झालं. "तू पाडलंस, तूच बिघडवलंस" म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले. ती लिहिते, "मी खरंच पाडलं नाही. पण कोणी ऐकतच नाही. आता भरून द्यावं लागेल का?" आणि खाली ताजा कलम आहे, "दादा म्हणतो की कळसूबाईच्या दगडातच लोहचुंबक आहे. खरं का?"

शिडीचं आधी बघू, दगडाचं नंतर. दगडाची गोष्ट मोठी आहे.

होकायंत्राचा काटा म्हणजे एक लहानसा लोहचुंबकच. आपली पृथ्वीही एक अवाढव्य चुंबक असल्यासारखी वागते आणि तिचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे पसरलेलं असतं. हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. पण एक प्रश्न विचारतो. पृथ्वीचा चुंबक काट्याला ओढतो, तर काटा उत्तरेकडे सरकत का जात नाही? नुसता वळून का थांबतो?

करूनच बघा. एक सुई घ्या आणि चुंबकाचं एकच टोक तिच्यावरून एकाच दिशेनं तीस-चाळीस वेळा फिरवा. (मागे-पुढे घासायचं नाही हं, केलेलं सगळं वाया जातं.) प्लॅस्टिकच्या परातीत पाणी घ्या, थर्माकोलच्या चकतीवर सुई आडवी ठेवा आणि ती पाण्यावर सोडा. पंखा बंद करा. चुंबक दूर, दुसऱ्या खोलीत ठेवा. सुई हळूच वळेल आणि दक्षिणोत्तर होऊन थांबेल. तासभर वाट पाहिलीत तरी परातीच्या उत्तर काठाकडे निघणार नाही!

कारण सुईला टोकं दोन. पृथ्वीचं क्षेत्र एका टोकाला उत्तरेकडे ओढतं, तर दुसऱ्याला तेवढ्याच जोरानं दक्षिणेकडे. पाण्याच्या नळाची चावी फिरवताना तुमचा अंगठा एकीकडे ढकलतो आणि बोट उलटीकडे. चावी फिरते, पण नळ जागचा हलत नाही. तसंच हे.

आता चुंबक परातीजवळ आणा. सुई वळेलच, शिवाय चुंबकाकडे पोहत येईल! इथं काय बदललं? चुंबकाजवळ क्षेत्र जोरदार असतं आणि जरा लांब गेलं की झपाट्यानं कमी होतं. सुईचं जवळचं टोक जास्त ओढलं जातं, लांबचं टोक कमी ढकललं जातं. वजाबाकी केली की ओढ उरते. म्हणजे वळायला नुसतं क्षेत्र पुरतं, सरकायला मात्र कमी-जास्त होणारं क्षेत्र लागतं. परीक्षेत हा प्रश्न सहसा येत नाही, पण मला विचाराल तर यायला हवा.

आणि शिडी? पृथ्वीचं क्षेत्र तसं फारच दुबळं. खेळण्यातल्या साध्या चुंबकाजवळचं क्षेत्रसुद्धा त्याच्या शंभरपट असू शकतं. त्यामुळे जवळ लोखंड आलं की काटा पृथ्वीचं ऐकायचं सोडून लोखंडाचं ऐकतो. त्यातून शिडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी. आपल्या भागात पृथ्वीच्या बलरेषा उत्तरेकडे जाता जाता जमिनीतही शिरतात. म्हणून उभ्या लोखंडाचं खालचं टोक बहुधा उत्तर ध्रुव बनतं आणि वरचं दक्षिण ध्रुव. विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात, तेव्हा काट्याचं उत्तर टोक शिडीच्या माथ्याकडे वळणार आणि पायाशी नेलं की दक्षिण टोक. खिडकीचा उभा गज, हातपंप, विजेचा लोखंडी खांब यांच्याजवळ होकायंत्र वर-खाली नेऊन बघा. (खांबाला हात लावायचा नाही. आई-बाबांनो, तेवढं लक्ष ठेवा.) दर वेळी जमेलच असं नाही, कारण लोखंडाची स्वतःची जुनी सवयही असते. पण जमलं की टाळी वाजवावीशी वाटते!

तर मैत्रिणी, होकायंत्र बिघडलंय की नाही हे ठरवायला शिडीचा पुरावा चालणार नाही. मोकळ्या मैदानात जा. कपाट, सायकल, मोबाइल, सगळं दूर ठेव. रात्री ध्रुवतारा शोध आणि काटा तिकडे दाखवतो का बघ. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, तेव्हा ही कसोटी चोख आहे. काटा बोटानं नव्हे, चुंबकानं हलव, मग चुंबक लांब ने. काटा परत त्याच जागी आला तर होकायंत्र ठणठणीत!

आता दादाचं म्हणणं. दादा बरोबर आहे, पण त्याला वाटतं तसा नाही.

प्रवरेच्या किंवा सीनेच्या कोरड्या पात्रात चुंबक कागदात गुंडाळून वाळूत फिरवा. काळ्या कणांच्या दाढ्या फुटतील. (कागद विसरलात तर कण काढता काढता संध्याकाळ होईल. अनुभवाचे बोल!) यांतले बरेचसे कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात आणि ते येतात आपल्या डोंगरांच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसॉल्टमधून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांतूनच हे डोंगर झाले. लाव्हा १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला. मॅग्नेटाइट मात्र ५८० अंशांच्या वर आपलं चुंबकत्व धरून ठेवू शकत नाही. दगड निवत गेला तसे हे कण चुंबक बनले, तेही त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेनं. ओल्या कोब्यावरून मांजर चालून गेलं की पावलं कायमची उमटतात ना, तशी ती दिशा दगडात राहून गेली.

१९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि त्यांचे सहकारी हीच पावलं शोधत होते. हे काम असं करतात: दगड डोंगरावर जसा बसलाय तशी त्याची दिशा आणि उतार आधी खुणेनं नोंदवायचा, मग तुकडा काढून प्रयोगशाळेत नाजूक उपकरणानं मोजायचा. पुष्कळ दगडांतून निघालं काय, तर दिशा उलटी! आजच्या काट्याचं उत्तर टोक जिकडे बघतं त्याच्या जवळजवळ विरुद्ध, दक्षिणेकडे.

दगड फिरले नव्हते. पृथ्वीचं क्षेत्रच तेव्हा उलटं होतं. ते अनेकदा उलटलंय. शेवटचं उलटलं त्याला जवळपास पावणेआठ लाख वर्षं झाली.

सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांचे भूवैज्ञानिकांनी गट पाडलेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला नाव दिलंय 'कळसूबाई'! महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर, आणि थर मात्र सर्वांत खालचे. कारण हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. महाबळेश्वरला जाल तर त्यांच्यावरचे, नंतरचे थर दिसतात. कळसूबाई गटातले बहुतेक थर उलट्या क्षेत्राचे. महाबळेश्वरच्या माथ्याकडचे सुलट्या क्षेत्राचे. मधे कुठंतरी पृथ्वीनं कूस बदलली.

या दगडांनी आणखी एक गोष्ट धरून ठेवलीय. चुंबकीय विषुववृत्तावर काटा सपाट राहतो आणि ध्रुवांकडे जावं तसा जमिनीकडे जास्त जास्त झुकतो. त्यामुळे दगडातला झुकाव मोजला की तो निवला तेव्हा विषुववृत्तापासून किती दूर होता, हे कळतं. आज अकोले तालुका विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकोणीस अंशांवर आहे. दगड सांगतात, तेव्हा ही जमीन दक्षिण गोलार्धात होती, सुमारे ३० अंशांवर! तिथून अख्खा भारत सरकत सरकत इथवर आला. हिशेब करा: सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर. तुमची नखं वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेग.

पण दादाला सांग, दगडातलं हे चुंबकत्व फार क्षीण असतं. साधा दगड जवळ धरला तर काटा हलताना सहसा दिसत नाही. वीज पडलेल्या जागेचा खडक मात्र जास्त जोरात चुंबकला जातो आणि तो काट्याला फसवू शकतो. तुझ्या भांडणातली मुख्य आरोपी शिडीच.

ध्रुवताऱ्याची कसोटी झाली की तारीख घालून वहीत लिही आणि हा अंक घेऊन सरांकडे जा. वर्गालाही हातपंपापाशी घेऊन जा. काटा काय करतो ते मला नक्की कळव.